हिशेबाच्या वहीची मागची पानं

मैत्रिणींनो, तुमच्या घरी हिशेबाची वही आहे ना? माझ्याकडे आहे. दूधवाला, पेपरवाला, गॅस, वाण्याची यादी, भिशीचे पैसे, सगळं तिच्यात. लग्न होऊन आले त्या १९८८ सालापासून दर पाडव्याला मी नवी वही सुरू करते. घरात सगळे हसतात मला. मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं आता मोबाइलमध्ये होतं." होत असेल बाबा! पण मोबाइलला मागची पानं नसतात.

२०२४ च्या पाडव्याला नवी वही उघडली आणि काय मनात आलं कोण जाणे, ती उलटी करून मागच्या पानावर मी लिहिलं, 'वाचलेली पुस्तकं'. खाली ओळीनं १ ते ५२ आकडे घातले. आठवड्याला एक पुस्तक. एखादीनं सोळा सोमवारांचा नेम धरावा, तसा मी हा नेम धरला. मुलांची लग्नं झाली, हे निवृत्त झाले, आता वेळच वेळ, असा माझा हिशेब होता.

२०२५ च्या पाडव्याला ती वही संपली, तेव्हा किती पुस्तकं झाली होती सांगू? १९! आणि अर्धवट सोडलेली चार, ती वेगळीच. पुढचे ३३ आकडे रिकामे. दुधाच्या हिशेबात एवढा खाडा पडला असता तर मी दूधवाल्याला दारात उभं केलं नसतं.

तरीही त्या वर्षाबद्दल तुमच्याशी बोलावंसं वाटतं. पुस्तकं १९ झाली, पण त्यातल्या तिघांनी माझ्या घरातच हात घातला.

आधी थोडं मागचं सांगते. माहेरी मी वाचणारी मुलगी होते. सासरी आल्यावर गावातल्या वाचनालयात नाव घातलं. १९८९ साली एका दुपारी गॅसवर दूध ठेवून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसले. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. दोन लिटर दूध उतू गेलं, पातेल्याचा कोळसा झाला आणि दुसऱ्या दिवशी घरात पाहुण्यांचं जेवण! सासूबाई म्हणाल्या, "पुस्तकात डोकं घालणाऱ्या बाईच्या हाती चूल देऊ नये." मी काही बोलले नाही. महिनाअखेरीला पुस्तक परत केलं, अनामत रक्कम मागून घेतली आणि येताना त्या पैशांची पिठाची चाळणी आणली. ती चाळणी अजून आहे. पीठ चाळताना कितीतरी वर्षं मी मनात म्हणत असे, सासूबाईंनी माझं वाचन बंद केलं.

आता त्याच सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. मोतीबिंदू काढून झाला, पण डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झाला. त्यांना कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. अंगणातलं तुळशीवृंदावन दिसतं, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. पोथी बंद झाली, पेपर बंद झाला. दुपारी खिडकीशी नुसत्या बसून असत. माझ्या नेमातलं पहिलं मोठं पुस्तक होतं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. ज्येष्ठातल्या एका दुपारी मला एकटीलाच हसू आलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय गं हसतेस?" मी तेवढा उतारा मोठ्यानं वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्याच म्हणाल्या, "काढ तुझ्या त्या लक्ष्मीबाई."

ज्येष्ठात सुरू केलेलं पुस्तक भाद्रपदात संपलं. रोज अर्धा-पाऊण तास. तुम्ही हे वाचलं नसेल तर जरूर वाचा. १९३४ सालापासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाईंचं लग्न लहानपणीच झालं, अक्षरओळख नवऱ्याकडून झाली, आणि तोच नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली बायकोला न सांगता ख्रिस्ती झाला. काही वर्षं दोघं दूर राहिली. मग बाईही त्यांच्याकडे गेल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एवढं सगळं भोगून बाई लिहितात कशा, तर ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावं तशा. स्वतःची फजिती आधी सांगतात, दुःख ओघात सांगून टाकतात. सासूबाईंना त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं भारी हसू यायचं. "आमच्या आजेसासूबाईंचा अवतार दिसतोय," म्हणायच्या. टिळक रागावून घर सोडून निघाले की म्हणायच्या, "जाऊ दे त्याला, येईल भूक लागली की!"

लक्ष्मीबाई लिहायला-वाचायला शिकल्या तो भाग वाचत होते, तेव्हा सासूबाईंनी मधेच थांबवलं. "तू का गं सोडलंस वाचायचं? आलीस तेव्हा सारखी वाचत असायचीस."

मी बघतच राहिले. म्हटलं, "आई, तुम्हीच नाही का बोललात? दूध उतू गेलं तेव्हा?"

"कधी?"

त्यांना काही आठवत नव्हतं! मी पातेलं, पाहुणे, त्यांचं वाक्य, सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "असेन बोलले. दोन लिटर दूध गेल्यावर काय आरती ओवाळू तुझी? पण मी दुधाचं बोलले गं. तू पुस्तकच सोडलंस?"

खरं सांगू? मला राग आला. ज्या वाक्यावर मी ३५ वर्षं काढली, ते बोलणारीला आठवतही नाही! पण त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी स्वतःचाच हिशेब मांडला. मुलं लहान होती तेव्हा वेळ नव्हता, हे खरं. पण नंतर? दुपारच्या मालिका कोणी पाहिल्या? लोणच्याच्या नव्या नव्या कृती कोणी उतरवून घेतल्या? सासूबाईंनी त्यानंतर एकदाही मला 'वाचू नकोस' म्हटलं नव्हतं. त्यांचा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही. नव्या सुनेला तेवढं एक वाक्य पुरतं, हे ज्या सुना होत्या त्यांना कळेल. पण सगळं त्यांच्या नावावर खर्ची घालून मी मोकळी झाले होते, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलीही गोष्ट सांगितली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात पोथीखेरीज पुस्तक नव्हतं. वाण्याकडून सामान यायचं त्या पुड्यांचे कागद त्या सपाट करून फडताळात ठेवायच्या. घरातल्यांना वाटे, सून काटकसरी आहे. दुपारी सगळे निजले की त्या ते कागद वाचायच्या. "गोष्ट नेहमी अर्धीच असायची. पुढचा कागद कोणाच्या घरी गेला असेल, कोण जाणे," असं म्हणून त्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

दुसरं पुस्तक दिवाळीनंतरचं. सुनीताबाई देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी'. १९९० साली ते आलं तेव्हा आमच्या भिशीतही त्याची चर्चा झाली होती, अर्ध्याअधिक जणींनी न वाचताच! आता सांगायचं म्हणजे, आमचे हे पु. लं.चे भक्त. कॅसेटी झिजेपर्यंत ऐकलेल्या. मी हे पुस्तक आणलेलं पाहून म्हणाले, "कशाला ते? एवढ्या मोठ्या माणसाचं घरातलं असं बाहेर मांडायचं काय कारण?"

मी म्हटलं, "त्यात त्यांचं घरही आहे ना? त्या बेचाळीसच्या चळवळीतल्या बाई. १९४६ साली दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. संसार दोघांचा, मग बोलायचं एकानंच का?"

वाद तिथं थांबला असता. पण रात्री त्यांनी थट्टेत विचारलं, "मग काय, तूही लिहिणार का माझ्यावर?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लिहीन. बालवाडीच्या नोकरीचं लिहीन."

१९९३ साली गावातल्या एका बालवाडीत मला शिक्षिकेची जागा मिळत होती. सकाळचे तीन तास. हे एवढंच म्हणाले होते, "घरचं कोण बघणार?" मी दुसऱ्या दिवशी जाऊन 'नाही' कळवून आले. त्यानंतर हा विषय आमच्या घरात कधीच निघाला नाही. ३१ वर्षांनी निघाला तो असा.

दोन दिवस आमच्यात 'जेवायला चला' आणि 'औषध घेतलं का' यापलीकडे बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शेंगा सोलायला येऊन बसले. निवृत्त झाल्यापासून तेवढी मदत करतात. शेंगा सोलता सोलता म्हणाले, "तुला जायचं होतं, असं तू एकदाही म्हणाली नाहीस."

मी म्हटलं, "तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

दोघंही गप्प. मग म्हणाले, "नाही विचारलं, हे खरं." बस्स, इतकंच. कोणी कोणाची माफी मागितली नाही आणि ती नोकरी काही परत येणार नाही. पण मैत्रिणींनो, त्या चार शब्दांची किंमत मला विचारा. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते पुस्तक स्वतः वाचायला घेतलं. शंभरेक पानांवर अजून खूण आहे. पुढे जातील की नाही, देव जाणे. मीही विचारत नाही.

आता तिसरं. हे सांगायला मला जड जातं, पण सांगते.

पौषात पुस्तक बदलायला गेले तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "वहिनी, आपल्याच जिल्ह्यातल्या बाईंचं हे वाचलंत का?" बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. १९८६ साली आलेलं पुस्तक. बेबीताई वीरगावच्या, पुढे फलटणला राहिल्या आणि २०१२ साली गेल्या. फलटण आमच्याच सातारा जिल्ह्यातलं. मी कितीदा तिथून गेले असेन, पण हे नाव मला माहीत नव्हतं. बाई छोटं दुकान चालवायच्या. सामान बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचता वाचता त्यांचं वाचन वाढलं आणि लिहिलेलं त्या वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. हे कळलं तेव्हा मला सासूबाईंच्या पुड्या आठवल्या. पण दोघींचं सारखं आहे ते एवढंच, हे पुस्तक उघडल्यावर समजलं. आमच्या फडताळात कागद होते आणि डब्यात धान्यही होतं. त्यांच्या महारवाड्यातल्या बायकांच्या वाट्याला निवडुंगाची बोंडंसुद्धा खाण्याची वेळ आली होती. आणि त्या आपल्याच समाजातला सुनांचा छळही झाकून ठेवत नाहीत. बाबासाहेबांच्या शब्दानं तो समाज कसा उठला, मुलामुलींना शाळेत घालू लागला, तेही सांगतात.

त्यात एका ठिकाणी लाकडाच्या मोळ्या विकायला जाणाऱ्या बायकांचं वर्णन आहे. सोवळ्या घरच्या बाईनं लांबून बजावायचं, की लाकडाला तुमचा केस, लुगड्याचा धागा राहू देऊ नका, आमचं घर बाटेल. त्या बिचाऱ्या एकेक लाकूड निरखून बघायच्या. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. का, सांगते.

आमच्या मागच्या दाराच्या कोनाड्यात एक कप होता. निळ्या फुलांचा, कडेला टवका उडालेला. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींचा. २२ वर्षं त्या आमच्याकडे येतात. माझ्या बाळंतपणांची, मुलांच्या परीक्षांची, मुलीच्या सासरची त्यांना सगळी माहिती. मुलीच्या लग्नात मी त्यांना साडी नेसवली होती. आणि चहा त्या निळ्या कपात, मागच्या पायरीवर. हा कप मी सुरू केलेला नव्हता. त्यांच्या आधी येणाऱ्या बाईंसाठी सासूबाईंनी ठेवला होता. मी फक्त तो बंद केला नाही.

'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाई सोवळं-ओवळं सोडतात, यापुढे कोणाच्याही हातचं खाईन-पिईन असं ठरवतात, तो भाग मी सासूबाईंना मोठ्या तोंडानं वाचून दाखवला होता. "बाई धीट हो!" असंही आम्ही दोघी म्हणालो होतो. आणि त्या वेळी तो कप आमच्यापासून दहा पावलांवर होता! लक्ष्मीबाई सोडणाऱ्यांपैकी होत्या, म्हणून मला त्यांचं कौतुक करता आलं. बेबीताई ज्या पायरीवर बसवल्या गेल्या त्या पायरीवरून बोलत होत्या. तिथून पाहिल्यावर दारात उभी असलेली मीच दिसले.

दुसऱ्या दिवशी कप उचलून टाकला. मावशींना म्हटलं, "आजपासून आत बसून घ्या चहा, आमच्याबरोबर." तुम्हाला वाटेल त्या खूश झाल्या असतील. मलाही तसं वाटलं होतं. त्यांनी कोनाड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माझा कप कुठाय?"

म्हटलं, "टाकला. फुटका होता."

"फुटका तर लई वर्सं हुता," त्या म्हणाल्या.

याला काय उत्तर द्यावं? मी चहा गाळत राहिले. त्यांनी आत येऊन चहा घेतला, पण उभ्यानंच. चार-पाच दिवस उभ्यानंच घेतला. मग एक दिवस पाय दुखत होते म्हणून खुर्चीवर टेकल्या, तेव्हापासून बसतात. सासूबाईंना चेहरे दिसत नाहीत, पण आवाज कळतो. त्या पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तिला साखर जास्त लागते, विचारून घाल." मी ते त्यांचं 'हो' समजले. मी फार मोठं काही केलं असं मला मुळीच वाटत नाही. २२ वर्षांच्या उशिराचं कसलं कौतुक? पण लपवून ठेवलं तर पुस्तक वाचून उपयोग काय, म्हणून सांगितलं.

बाकीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगते. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) मी महिन्याचं प्रकरण त्या त्या महिन्यात वाचलं, चैत्राचं चैत्रात, आषाढाचं आषाढात. तुम्हीही करून बघा. अंगणातला पारिजातक नव्यानं दिसायला लागतो. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छोटंसं आहे, दोन दुपारी पुरतात. पण १८८२ साली बुलढाण्याची एक बाई इतकं खणखणीत लिहून गेली, हे वाचून आपलीच मान ताठ होते. रमाबाई रानडे यांच्या आठवणी (१९१०) वाचताना मोठ्या घरच्या सुनेलाही पाटी-पेन्सिलीसाठी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते कळतं. इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' मी दोनदा सुरू केलं तेव्हा कुठे एकदा पूर्ण झालं, पण गांधारी आणि कुंती तेव्हापासून आमच्या घरच्याच झाल्या. आणि चार पुस्तकं सोडली. त्यांची नावं सांगत नाही. एका मैत्रिणीनं भेट दिलेलं त्यात आहे!

आता तुम्ही विचाराल, वेळ कसा काढायचा? माझे अनुभवाचे चार बोल ऐका. आठवड्याला एक पुस्तक असले नेम धरू नका, रोज दहा पानं पुरेत. पुस्तक कपाटात नको, हाताशी असू द्या. जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर घातलं की तेलकट बोटांची भीती नाही. कुकर लावल्यावर वाचावं, कारण तो शिटी देऊन हाक मारतो. दुधाच्या वेळी मात्र वाचू नये, हे माझ्याकडून शिका! पावसाळ्यात पुस्तकांना कसर लागते, म्हणून कपाटात वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे ठेवा आणि ऊन पडलं की पुस्तकं सावलीत उघडी करून वारा लागू द्या. गावातल्या वाचनालयात नाव घाला. आणि घरात कोणाचे डोळे अधू झाले असतील तर मोठ्यानं वाचा. आपलंही वाचून होतं, त्यांचाही वेळ जातो, आणि मधे मधे जे बोलणं होतं ते तर कुठल्याच पुस्तकात नसतं.

यंदाच्या वहीतही मागची पानं राखली आहेत, पण आकडे घातलेले नाहीत. पुस्तकाचं नाव लिहायचं आणि शेजारी एक ओळ, घरात त्यावरून काय बोलणं झालं ती. काही ओळी रिकाम्या राहतील. राहू देत.

सासूबाईंसाठी सध्या 'स्मृतिचित्रे' पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आहे. दुसरं काढलं होतं, पण त्यांनीच सांगितलं, "तेच वाच. आता मला पुढचा कागद माहीत आहे."

तुमच्या वहीच्या मागच्या पानांवर काय आहे, मैत्रिणींनो? कळवा हं. कुकरची तिसरी शिटी झाली. उठते.